यंत्राच्या ठेक्यावर दहा राग

यंत्राला राग वाजवता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे काही आजचा नाही. पेटी जेव्हा प्रथम आपल्या बैठकीत आली, तेव्हाही तो विचारला गेला होता. पेटीचे स्वर ठरलेले. पट्टी दाबली की तोच स्वर, दर वेळी तसाच. दोन स्वरांच्या मधली जागा तिला माहीत नाही, मींड तिला घेता येत नाही. तेवढ्या कारणावरून १९४० साली आपल्या नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांची दारे बंद केली, आणि ती पुन्हा उघडायला तीस वर्षे लागली. पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताची बोटे पडली की काय होते, हे महाराष्ट्राने आधीच ऐकलेले होते. तरीही बंदी ती बंदी!

या जुन्या वादाची आठवण करून देण्याचे कारण असे, की १९८२ साली मुंबईत एक ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिने हाच प्रश्न पुन्हा एकदा, जरा धिटाईने, पुढे ठेवला. ध्वनिमुद्रिकेचे नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. वाजवणारे होते चरणजित सिंग. काढली होती एचएमव्हीने, म्हणजे कुत्रा आणि कर्णा यांच्या चित्राची ती आपल्या ओळखीची कंपनी. तबला नाही, तंबोरा नाही, सतार नाही, गवई तर नाहीच. तीन जपानी यंत्रे आणि ती हाताळणारा एक माणूस, एवढाच सारा संच.

त्या वेळी ही मुद्रिका फारशी कोणी घेतली नाही. आज मात्र तिची मूळ प्रत हाती लागावी म्हणून परदेशातले शौकीन धडपडतात, आणि जगभरची तरुण मुले तिच्यावर नाचतात. असे काय आहे तिच्यात? आणि जे आहे ते राग आहे की नुसता आवाज? हे जरा सावकाशीने पाहू या.

प्रथम माणूस कोण ते सांगतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. तुमच्याआमच्या कानांवर त्यांचे वादन कितीदा पडले असेल, पण नाव कधी पडले नसेल. कारण पडद्यावर नाव यायचे ते संगीत दिग्दर्शकाचे आणि गायकाचे. पन्नास-पन्नास, साठ-साठ वादकांचा जो ताफा मागे बसलेला असे, त्यांची नावे कोण विचारतो? सिंग बास गिटार वाजवत, हवाईयन गिटार वाजवत, आणि विजेवर चालणारी कळफलकाची वाद्येही वाजवत. ‘हरे राम हरे कृष्ण’ या १९७१च्या चित्रपटातले ‘दम मारो दम’ हे गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी सिंगांचे ट्रान्सिकॉर्ड ऐकलेले आहे. ट्रान्सिकॉर्ड म्हणजे गळ्यात अडकवायच्या अकॉर्डियनचा विजेवर चालणारा भाऊ.

मुंबईच्या चित्रपटसंगीताला विजेची वाद्ये तेव्हा नवी होती असे मात्र समजू नका. १९५४च्या ‘नागिन’मधली पुंगी ज्या वाद्यावर वाजली ते क्लेव्हियोलाइन विजेवरचेच होते, आणि ते वाजवले होते कल्याणजींनी. गावोगावचे लोक ती खरी गारुड्याची पुंगी समजले! पुढे केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझर आणले. म्हणजे वीज आली होती. पण ती आली होती गाण्यात रंग भरायला, तिखटमीठ लावायला. सगळा स्वयंपाक तिच्यावर सोपवावा, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

१९८०च्या ‘कुर्बानी’नंतर आपल्याकडे डिस्कोची लाट उसळली. १९८२ साली तर ‘डिस्को डान्सर’ आला, आणि सोलापुरातल्या गल्लीबोळातली पोरेसुद्धा कंबर हलवू लागली. सिंगांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की सगळीकडे डिस्कोच चालले होते, तेव्हा त्यातच काही वेगळे करावे असे वाटले. तबला बाजूला ठेवावा, डिस्कोचा ठेका घ्यावा आणि त्यावर आपले राग वाजवावे. सिंगापूरहून ते नवी यंत्रे घेऊन आले होते. घरी ती एकमेकांना जोडून पाहिली, बरे वाटले, आणि मग ध्वनिमुद्रण केले. बस्स, एवढीच हकीकत. कुठला मोठा सिद्धांत नाही, जाहीरनामा नाही. कसबी माणसाला नवे हत्यार मिळाले, त्याने ते चालवून पाहिले.

आता ही यंत्रे काय होती ते सांगायला हवे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. पहिले टीआर-८०८. हे तालयंत्र. याच्या पोटात कुठल्याही ढोलाचा आवाज मुद्रित करून ठेवलेला नाही. विजेच्या प्रवाहाला धक्का देऊन, तो थरथरवून, घुमवून ढोलासारखा, झांजेसारखा, टाळीसारखा आवाज तयार केलेला आहे. तो हुबेहूब ढोल वाटत नाही, आणि म्हणूनच पुढे लोकांना आवडला. यंत्राच्या खालच्या कडेला ओळीने सोळा बटणे आहेत, चार-चारांच्या गटांत वेगवेगळ्या रंगांची. ज्या बटणावर ठोका हवा ते दाबायचे. यंत्र डावीकडून उजवीकडे सोळा घरे चालत जाते आणि परत पहिल्या घरी येते.

सोळा घरे, चारांचे चार गट! तुम्ही म्हणाल, हा तर आपला त्रिताल. दिसायला तसे आहे खरे; पण फसू नका. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते. तिथे हात उलटा पडतो, डग्ग्याची घुमक थांबते, आणि त्या हलक्या जागेमुळेच पुढची सम जड लागते. डिस्कोच्या ठेक्याला खाली नाही. त्याचा मोठा ठोका सरळ एकसारखा पडत राहतो, गिरणीतल्या मागासारखा. गाणाऱ्याला समेवर येण्याची जी ओढ असते, ती इथे ठेका निर्माण करीत नाही. ती स्वरांनी निर्माण करावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.

दुसरे यंत्र टीबी-३०३. हे सर्वांत छोटे, आणि सर्वांत वात्रट. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ते घडवले. कल्पना अशी होती, की एखादा गिटारवाला घरी एकटाच रियाज करतो आहे, साथीला बास वाजवणारा नाही, तर त्याने या यंत्रात बासचे स्वर भरून ठेवावे आणि यंत्राने ते वाजवावे. बास म्हणजे खर्जातली चाल, गाण्याचा पाया. पण झाले काय, की या यंत्राचा आवाज बास गिटारसारखा मुळीच येत नव्हता. तो येत होता ओल्या रबरासारखा, कधी बेडकासारखा, कधी चरचरणारा. शिवाय त्यात स्वर भरणे म्हणजे मोठी कटकट. स्वर आधी वेगळे भरायचे, त्यांचे काळ नंतर वेगळे भरायचे, आणि दोन्ही जुळले नाहीत तर भलतेच काही वाजू लागायचे. यंत्र बाजारात पडून राहिले. सुमारे दहा हजार नग काढून कंपनीने १९८४ साली ते बंद केले.

सोलापूरच्या माणसाला हे यंत्र समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या चादरीवरचा मोर किंवा फूल कसे उठते? जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून धोटा धावतो. पुठ्ठ्यांची माळ संपली की परत पहिला पुठ्ठा, परत तोच मोर. नक्षी विणकराच्या हातात नसते, ती पुठ्ठ्यात आधीच भरलेली असते. १८०४च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोसेफ-मारी जॅकार्ड याने ही युक्ती पुढे आणली. आज पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा विजेच्या जॅकार्डने घेतली आहे, पण तत्त्व तेच. टीबी-३०३ हे स्वरांचे जॅकार्ड समजा. कोणत्या घरात कोणता स्वर, कोणता स्वर जोरात, आणि कोणत्या स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जायचे, एवढे त्यात भरून ठेवायचे. मग ते न थकता तीच नक्षी विणत बसते.

‘घसरत जायचे’ म्हणालो, ते मुद्दाम. या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याची सोय आहे. पेटीवर जो मोठा आरोप होता, की हिला मधली वाट माहीत नाही, तो या छोट्या खेळण्यावर करता येत नाही. ते सरकणे आपल्या मींडेइतके डौलदार नाही. यंत्र जेवढ्यास तेवढे सरकते. गवयाची मींड वाटेत थबकते, एखाद्या श्रुतीला स्पर्श करते, रुसते, परत वळते. तरी पण सरकणे आहे, आणि आपल्या कानाला ते ओळखीचे वाटते.

आणखी एक योग पाहा. बास वाजवणाऱ्या माणसाला रजा देण्यासाठी जे यंत्र काढले, ते ज्याच्या हाती पडले तो स्वतःच बास वाजवणारा! खर्जातली चाल कशी असावी, कुठे स्वर गाळावा, कुठे रेटा द्यावा, हे सिंगांच्या बोटांना आधीपासून ठाऊक होते.

तिसरे यंत्र ज्युपिटर-८. हे १९८१ साली निघालेले मोठे, महागडे वाद्य, एका वेळी आठ स्वर बोलू शकणारे. दोन यंत्रे ठेका आणि खर्ज सांभाळीत, आणि या तिसऱ्यावर सिंग आपल्या हातांनी रागाची बढत करीत. म्हणजे या मुद्रिकेत यंत्र सगळे करीत नाही. पाया यंत्राचा, पण वर चालणारा हात माणसाचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या यंत्रांशी राग जुळले कसे?

याचे उत्तर आपल्या संगीताच्या घडणीत आहे. पाश्चात्य गाण्यात स्वरांचे गुच्छ असतात, आणि गाणे एका गुच्छावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जात राहते. गुच्छ बदलला की खालची बासची चालही बदलायला हवी. आमच्या या वात्रट यंत्रात तर दर बदलाला नवी नक्षी भरायची, केवढी यातायात! पण आपल्या रागाला गुच्छ बदलायची गरजच नाही. षड्ज एकदा लागला की तो राग संपेपर्यंत हलत नाही. तंबोरा काय करतो? तेच चार स्वर पुन्हा पुन्हा. कोणी त्याला कंटाळवाणा म्हणत नाही. कारण तंबोरा ऐकायचा नसतो, त्याच्यावर उभे राहून बाकीचे ऐकायचे असते. सिंगांच्या मुद्रिकेत ते एकसारखे फिरणारे खर्जयंत्र तंबोऱ्याच्या जागी बसले आहे. फरक इतकाच, की हा तंबोरा चालतो, नाचतो. राग स्थिर, यंत्रही स्थिर. दोघांचा स्वभाव जुळला.

पंढरपूरच्या वाटेवर ज्यांनी दिंडीचे भजन ऐकले आहे, त्यांना हे पटकन उमजेल. तोच नाममंत्र, तोच टाळांचा ठेका, कोस-दोन कोस. एखाद्याला वाटेल, किती वेळ तेच ते! पण जो त्यात चालतो त्याला ते तेच ते राहत नाही. पुनरुक्तीने आधी कंटाळा येतो, मग कंटाळा ओसरतो, आणि मग लहानसहान फरक मोठे वाटू लागतात. एखाद्याने टाळ जरा वेगळा मारला तरी अंगावर काटा येतो. लेझमाच्या पथकातही हेच, हलगीच्या ठेक्यावरही हेच. अमेरिकेतल्या नाचघरांतल्या तरुणांना जी गोष्ट यंत्रांच्या संगतीने उमगली, ती आपल्या वारकऱ्याला पायांनी माहीत होती.

मात्र दहाही राग सारखेच साधले आहेत, असे कोणी म्हणू नये. मुद्रिकेत ललत आहे, भूप आहे, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन आहे. कलावती, मालकंस, बैरागीही आहेत. यांतले भूप, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच-पाच स्वरांचे राग. भूपात मध्यम-निषाद नाहीत, मालकंसात ऋषभ-पंचम नाहीत, कलावतीत ऋषभ-मध्यम नाहीत, बैरागीत गांधार-धैवत नाहीत. स्वर थोडे, मधली अंतरे ऐसपैस. अशा रागांचा चेहरा ढोबळ रेषांतही ओळखू येतो. म्हणून तिथे यंत्र शोभते. खर्जातली चाल पाच स्वरांत फिरत राहिली तरी रागाबाहेर पाऊल पडत नाही.

तोडीची गोष्ट निराळी. तोडीचा गांधार नेहमीच्या कोमल गांधारापेक्षाही उतरलेला. तो नेमका कुठे लावायचा हे गुरूसमोर बसून कळते, आणि तिथेच तोडीचे दुःख राहते. यंत्राचे सप्तक बारा समान तुकड्यांत कापलेले. त्यात त्या गांधाराला घरच नाही. ज्या कारणासाठी पेटीवर बंदी आली, ते कारण इथे खरे ठरते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली होती, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. ती फार चालली नाही, पण प्रश्न बरोबर होता. ललतातही दोन मध्यमांची जी जवळीक आहे, तिचा नाजूकपणा यंत्रात थोडा कोरडा पडतो. आलाप नाही, विलंबित नाही, रागाचा तो सावकाश उलगडा नाही. सुमारे पाच मिनिटांत राग सुरू होऊन संपतो.

पण पाच मिनिटांचे नवल करायचे कारण नाही. आपल्या वडील पिढीने अब्दुल करीम खाँसाहेब ऐकले ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरच. घराघरांत राग पोचला तो त्या तीन मिनिटांतून. लहान चौकटीत राग बसवायचा तर काय टाकावे आणि काय ठेवावे, याची समज लागते. सिंगांनी आलाप टाकला आणि रागाची चाल ठेवली, म्हणजे ज्या स्वरसमूहांवरून राग चटकन ओळखू येतो ते ठेवले. मघाशी म्हटले, की या ठेक्याला खाली नाही, म्हणून ओढ स्वरांनी निर्माण करावी लागते. सिंग ती अशी करतात: खर्जातली नक्षी फिरत असताना वरचा हात वाट पाहायला लावतो, षड्जाभोवती घुटमळतो आणि मग एकदम येऊन पोचतो. ही रीत यंत्राने शिकवलेली नव्हे. ती मैफिलीतून आलेली.

आता मुद्रिकेचे पुढे काय झाले ते सांगतो. १९८२ साली ती निघाली आणि विसरली गेली. रागदारीच्या रसिकांना ती थट्टा वाटली असेल, डिस्कोवाल्यांना तिच्यात गाणे सापडले नसेल. दोन दुकानांच्या मधोमध माल ठेवला की तो कोणत्याच दुकानात विकला जात नाही, हे सोलापूरच्या व्यापाऱ्याला सांगायला नको.

इकडे अमेरिकेत शिकागो शहरात वेगळीच कथा घडत होती. बंद पडलेले टीबी-३०३ जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. कृष्णवर्णीय तरुणांच्या ‘फ्यूचर’ नावाच्या त्रिकुटाने असेच एक यंत्र घेतले. त्यात काय भरायचे ते नीटसे ठाऊक नव्हते. पण यंत्र चालू असताना त्याच्या खुंट्या पिळल्या की आवाज किंचाळतो, वितळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८७ साली त्यांची ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही मुद्रिका निघाली, आणि त्यातून ‘अॅसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा संप्रदायच जन्माला आला. इंग्लंड-युरोपात त्याने धुमाकूळ घातला.

पुढे २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात सिंगांची मुद्रिका सापडली. घरी जाऊन लावली, आणि तो चक्रावला. शिकागोत १९८७ला जे झाले असे समजत होते, तसाच आवाज, तेच यंत्र, तोच ठेका, आणि साल १९८२! त्याने मुंबईत येऊन सिंगांना शोधून काढले, आणि २०१० साली मुद्रिका पुन्हा छापली. तेव्हा युरोपातल्या कित्येकांचा विश्वासच बसेना. कोणी म्हणाले, ही लबाडी आहे, आजच्याच एखाद्या खोडकर संगीतकाराने जुन्या नावाने खपवली आहे. पण माणूस खरा होता, मुद्रिका खरी होती, यंत्रेही खरी. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन आपले राग वाजवू लागले आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले त्यावर नाचू लागली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘अॅसिड हाउसचा शोध एका भारतीयाने लावला’ अशी वाक्ये आता सहज फेकली जातात. ऐकायला बरे वाटते, छातीही फुगते. पण शोध लावणे म्हणजे पुढच्यांना वाट दाखवणे. शिकागोच्या त्या मुलांनी सिंगांचे नाव ऐकले होते याला कसलाच आधार नाही, आणि सिंगांनाही आपण कुठला संप्रदाय काढतो आहोत असे वाटले नव्हते. झाले ते असे: एकच यंत्र दोन ठिकाणी गेले. एका ठिकाणी त्याला राग माहीत असलेला जाणता वादक भेटला, दुसऱ्या ठिकाणी नाच माहीत असलेली हौशी मुले भेटली. दोघांनीही एकाच नक्षीवर रेंगाळत राहण्यातला आनंद ओळखला. उगम दोन, पाणी सारखे. यात सिंगांचा मोठेपणा काही उणा होत नाही. उलट, पहिला कोण या शर्यतीतून त्यांना सोडवले, की मग त्यांनी काय वाजवले ते आपल्याला नीट ऐकू येते.

आणखी एक बाजू आहे, आणि ती सुखाची नाही. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जे साठ-साठ वादक बसत, ते पुढल्या दहा-पंधरा वर्षांत याच जातीच्या यंत्रांनी उठवले. एक कळफलक, एक तालयंत्र, एक माणूस. निर्मात्याचा खर्च वाचला. व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा घरी बसल्या, ढोलकवाले लग्नाच्या वरातीत परतले. सिंग त्याच वादकांतले एक, आणि त्यांचीच मुद्रिका जणू उद्याची नांदी होती. हातमाग जाऊन यंत्रमाग आले आणि गिरण्यांचे भोंगे थांबले, हे ज्या शहराने पाहिले, त्याला याचा अर्थ उलगडून सांगायला नको. यंत्र कोणाचा घास काढून घेते, हा प्रश्न त्याचा आवाज गोड आहे की नाही, यापेक्षा वेगळा आहे. आणि तो विसरून मुद्रिकेचे नुसते कौतुक करणे बरे नाही.

तरीसुद्धा एक फरक ध्यानात घ्यावा. निर्मात्याने यंत्र आणले ते माणूस कमी करायला. सिंगांनी यंत्र आणले ते स्वतःचे ज्ञान त्यात ओतून पाहायला. पहिल्या वापरात यंत्र व्हायोलिनची नक्कल करते, आणि नक्कल नेहमी अस्सलापुढे फिकी पडते. त्या काळातली नकली व्हायोलिने आज ऐकवत नाहीत. सिंगांच्या मुद्रिकेत यंत्र कोणाची नक्कल करीत नाही. सतारीचा आव नाही, तबल्याचा आव नाही. ते यंत्रासारखेच वाजते, आणि तसे वाजत असताना मालकंस ओळखू येतो! चाळीस वर्षे उलटून गेली तरी ती मुद्रिका शिळी का वाटत नाही, याचे माझ्या मते हे मुख्य कारण.

दुसरे कारण तिचा प्रामाणिकपणा. पाश्चात्यांना रिझवण्यासाठी आपले राग सजवून दाखवणे, हा एक धंदा होऊन बसला होता. तो इथे नाही. डिस्कोवर राग लादून विद्वत्ता मिरवणेही नाही. वादकाने जे येत होते ते, जे हातात होते त्यावर, मन लावून वाजवले. तिसरे कारण मर्यादांचे. सोळा घरे, एक खर्जाचा आवाज, ठरलेला ठेका. आजच्या संगणकात हजार वाद्यांचे आवाज भरलेले मिळतात, आणि त्यांतले कोणते घ्यावे या विचारातच रात्र सरते. सिंगांपुढे निवड थोडी होती, म्हणून लक्ष स्वरांवर राहिले.

तुम्हांला ही मुद्रिका ऐकावीशी वाटली तर आज ती सहज मिळते. मोबाइलवरही ऐकता येते. पण दहाही राग एका दमात ऐकू नका. आरंभ कलावतीने करा, किंवा मालकंसाने. आधी तोच राग एखाद्या गवयाकडून ऐका, म्हणजे त्याची चाल कानात बसेल. मग मुद्रिका लावा, आणि पहिला एक मिनिट ठेक्याकडे लक्षच देऊ नका. खर्जातली नक्षी कशी फिरते तेवढेच ऐका. ती अंगवळणी पडली की वरचा हात काय करतो ते पाहा. षड्जावर तो केव्हा येतो? किती वेळ तुम्हांला ताटकळत ठेवतो? तोडी शेवटी ऐका, आणि तिथे काय हरवले आहे तेही ध्यानात घ्या. जे हरवले ते कळणे हीसुद्धा रागाची ओळखच आहे.

आज गायनाच्या वर्गात गेलात तर कोपऱ्यात विजेचा तंबोरा घुमत असतो, विजेचा तबला ठेका देत असतो, आणि समोर बसलेली मुलगी यमन घोटत असते. कोणी त्यावर बंदी घालत नाही. यंत्राला राग येतो की नाही, याचे उत्तर त्या मुलीच्या गळ्यात आहे. तिला येत असेल तर यंत्र साथ देईल, तिला येत नसेल तर जगातले सर्वांत महाग यंत्रही तिच्या मदतीला यायचे नाही. चरणजित सिंगांना राग येत होता. म्हणून त्यांची यंत्रे अजून वाजत आहेत.